खांडव्याचा गांजा आणि वहीतला एक रकाना



आमच्या घरात आजोबांच्या एका धाकट्या चुलत्यांविषयी एकच वाक्य चालत आले आहे : "ते गांज्याने गेले." त्यांचे छायाचित्र नाही, पत्र नाही, हस्ताक्षर नाही. लहानपणी कोणी जास्त विचारले, की आजी पानात आमटी वाढी आणि विषय संपे. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत असा एखादा 'गेलेला' माणूस बहुधा निघतोच. कोणी गांज्याने गेलेला असतो, कोणी नाटकाच्या नादाने, कोणी नुसताच 'हिमालयात' गेलेला.

त्या वाक्यातले 'ते' मला आता भेटणे शक्य नव्हते. म्हणून मी त्यातल्या दुसऱ्या शब्दाच्या मागे लागलो. गांजा म्हणजे नेमके काय, तो कोठून येई, कोण पिकवी, त्याने माणसाचे काय होई, आणि 'गांज्याने गेला' हे कोण ठरवी? या शोधात मी ज्या गावी जाऊन पोहोचलो, ते आम्हां इंदूरकरांना परके नाही.

इंदूरहून दक्षिणेला घाट उतरून नर्मदा ओलांडली, की निमाड लागते आणि पुढे खांडवा येते. आज खांडवा म्हटले, की किशोरकुमारांचे जन्मगाव आठवते. साहित्याचे वाचक माखनलाल चतुर्वेदींचे नाव घेतात. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन आणलेला लोहमार्ग खांडव्याहूनच इंदूरला येई, हेही पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अबकारी खात्याच्या कचेऱ्यांत खांडव्याचे नाव निघे, ते वेगळ्याच कारणासाठी. साऱ्या हिंदुस्थानात गांज्याचे मोठे पीक निघे, अशी तीन ठिकाणे त्या खात्याच्या लेखी होती : बंगालमध्ये राजशाहीकडचे नौगाव, मध्य प्रांतात निमाड जिल्ह्यातला खांडव्याचा परिसर आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर. तिघांपैकी दोन ठिकाणी मराठी माणसाचा राबता होता. असे असून मराठी घरांत या पिकाची आठवण जवळजवळ उरलेली नाही.

पीक म्हणून ही वनस्पती फार जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पाचव्या अध्यायात, शेतांची नावे कशी साधावी याचे एक सूत्र आहे. त्यात तीळ, उडीद आणि जवस यांच्या ओळीतच 'भङ्गा' येते. म्हणजे व्याकरणकाराच्या डोळ्यांपुढे भांगेचे शेत होते. ते धाग्यासाठी होते की नशेसाठी, हे सूत्र सांगत नाही. आणि वैयाकरणाला त्याची गरजही नव्हती. शार्ङ्गधरसंहिता मात्र स्पष्ट बोलते. जे द्रव्य आधी सर्व शरीरात पसरते आणि मग पचते, त्याला तेथे 'व्यवायी' म्हटले आहे, आणि उदाहरणादाखल भांग व अफू यांचीच नावे दिली आहेत. ही व्याख्या मला फार आवडते. भांग प्यालेल्या माणसाने घरी येऊन केलेली तक्रार त्या वैद्याने नीट ऐकलेली दिसते.

आपल्या गोव्याचे वाचक येथे म्हणतील, की आमच्याकडे याची नोंद इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे; आणि ते खरे आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात 'बांग' या विषयाला एक स्वतंत्र संवाद आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मार्तिम अफोन्सो द सौझाला म्हणे, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा अरबस्तानची सफर करावीशी वाटली, की मी थोडी बांग खातो. ही गोष्ट ओर्ताने तेथेच सांगितली आहे. युरोपातल्या दोरखंडाच्या तागासारखी दिसणारी असली, तरी ही वनस्पती ती नव्हे, असेही त्याने बजावले. हाच ओर्ता मेल्यावर, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळी, हा त्याचा अपराध ठरला.

पुढे शतकभराने कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक फान ऱ्हेडे याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याला साहाय्य करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीनमधले कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. दहाव्या खंडात या वनस्पतीची दोन चित्रे येतात आणि दोन नावे येतात, जणू दोन निरनिराळ्या वनस्पती असाव्यात. प्रत्यक्षात ती एकाच जातीची नर आणि मादी झाडे आहेत. ही जोडी ध्यानात ठेवावी. खांडव्याच्या शेतात तिच्यावरच सारे अवलंबून होते.

आता त्या शेतात जाऊ. बहुतेक पिकांत नर-मादी फुले एकाच झाडावर असतात. पपईसारखी काही झाडे निराळी. गांज्याचे झाडही त्यांतलेच. नराच्या फुलांतून पिवळट पराग वाऱ्यावर उडतो. मादीच्या शेंड्यांना तो लागला, की बी धरते, आणि मग झाडाचे सारे बळ बियांत जाते. पण पराग मिळालाच नाही, तर मादी वाट पाहत राहते. फुलावर फूल येते, शेंडा दाट होतो, आणि त्यावरच्या बारीक ग्रंथींतून चिकट राळ सुटत राहते. ज्याला गांजा म्हणतात, तो या न फळलेल्या मादीचा शेंडा होय. पाने वाटली की भांग. राळ वेगळी काढली की चरस. एकाच झाडाची ही तीन नावे आहेत आणि समाजात त्यांच्या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. त्याकडे पुढे येतो.

तेव्हा पावसाच्या तोंडाशी पेरणी झाली, खुरपणी झाली, झाडे कमरेच्या वर गेली, की दिवस लहान होऊ लागल्यावर खरे काम सुरू होई. प्रत्येक नर झाड फूल उमलण्याआधी ओळखून उपटायचे. फूल उमलल्यावर ते कोणीही ओळखील. पण तोवर उशीर झालेला असतो. कळी अजून तांदळाच्या कण्यांएवढी असते, तेव्हाच ते समजले पाहिजे. बंगालमध्ये या कामाची माणसेच वेगळी होती. त्यांना पोद्दार किंवा परखदार म्हणत. परखदार ओळीतून चालत जाई, झाडाकडे पाही आणि नर दिसला की खुडी; मागून शेतकरी तो उपटून नेई. एकदा फिरून भागत नसे. मागे राहिलेले नर पुढच्या फेरीला सापडत. कधी मादी झाडावरच चार नर फुले फुटत, तीही वेचावी लागत. एक नर कोपऱ्यात राहून गेला, तर आजूबाजूच्या मालात बी धरे आणि भाव पडे. १८७७ साली हेमचंद्र केर या बंगाली डेप्युटी कलेक्टराने नौगावच्या या शेतीवर एक अहवाल लिहिला; तो वाचताना सुगरणीच्या हाताविषयी वाचतो आहोत, असे वाटत राहते.

कापणी थंडीत होई. खांडवा आणि नगर या दोन्हीकडचा माल 'चपटा' गांजा. कापलेल्या फांद्या खळ्यावर पसरून उन्हात मऊ करीत, मग माणसे रांगेने त्यांवर पाय देऊन तुडवीत, उलटीत, पुन्हा तुडवीत आणि रचून ठेवीत. त्यामुळे राळ शेंड्यांत बसे आणि माल दाबून एकजीव होई. बंगालमध्ये चपट्याबरोबर 'गोल' गांजाही करीत. तेथे शेंडे पायाखाली वळले जात. गळून पडलेल्या चुऱ्याला वेगळा भाव असे. या मालाचा एक स्वभाव व्यापाऱ्यांना पक्का ठाऊक होता. वर्ष उलटले, की त्याचा जोर उतरे. आज रसायनशास्त्र सांगते, की त्यातले मुख्य नशा आणणारे द्रव्य हवेने आणि उजेडाने हळूहळू दुसऱ्या, सौम्य द्रव्यात बदलते. त्या काळी नुसते 'जुना माल' म्हणत.

मग खांडव्याचा म्हणून जो गांजा नावाजला, तो कशाने? जमिनीने, हवेने, पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाने; हे तर आहेच. पण माझ्या समजुतीने निम्मे श्रेय त्या नजरेचे आहे, जी कणीएवढ्या कळीत नर ओळखी. आजच्या पाश्चात्त्य बाजारात बी न धरलेल्या गांज्याला स्पॅनिश नावाने 'सिन्सेमिया' म्हणतात आणि ती जणू कॅलिफोर्नियाची करामत असल्यासारखे बोलले जाते. निमाडचा शेतकरी हे शंभर वर्षांपूर्वी सरकारी परवान्याखाली करीत होता, आणि त्याच्या आजोबाने बिनपरवाना केले असेल.

नावांचाही असाच घोळ आहे. १७५३ साली लिनियसने युरोपातल्या तागाला 'कॅनाबिस सटायव्हा' म्हटले. १७८५ साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून सोनेराने नेलेले नमुने पाहून ही निराळी जात ठरवली आणि तिला 'कॅनाबिस इंडिका' नाव दिले. ते नमुने आपल्याकडच्या उंच, बारीक पानांच्या झाडांचे होते. परंतु १९७०च्या पुढे अफगाणिस्तानातले बुटके, रुंद पानांचे झाड पश्चिमेत गेले आणि व्यापाऱ्यांनी त्यालाच 'इंडिका' म्हणायला सुरुवात केली. हिंदुस्थानी झाड त्यांच्या यादीत 'सटायव्हा' झाले. हिंदुकुश पर्वतावरून 'कुश' हे नाव आले, आणि नेदरलँड्समधल्या बियाण्याच्या दुकानांनी संकर करून शेकडो नावे बाजारात आणली. आज एखादा 'अस्सल जुना वाण' म्हणून वाखाणला जातो, त्याच्या पोटात कुठल्यातरी डोंगरातल्या किंवा काळ्या रानातल्या शेतकऱ्याने राखलेले बी असते. दुकानाच्या यादीत मात्र त्याचा पत्ता नसतो. 'गांजा' हा शब्द तेवढा दूरवर टिकला. १८४५पासून करारबद्ध मजूर म्हणून जमेकाला गेलेल्या आपल्या माणसांनी तो नेला आणि तेथे तो आजही तसाच बोलला जातो.

आता परिणामांकडे येतो, कारण आमच्या घरातल्या वाक्याचा उत्तरार्ध तेथे आहे. हे मुख्य द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. झाडात ते बहुतांशी आम्लाच्या रूपात असते, आणि त्या रूपात नशा नसते. उष्णता लागली की ते बदलते. म्हणून चिलीम पेटवावी लागते, आणि म्हणूनच माजूम करणारे भांग तुपात शिजवतात. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. धूर ओढला तर काही मिनिटांत नशा चढते आणि दोन-तीन तासांत उतरू लागते. पोटात घेतली तर तास-दीड तास काहीच कळत नाही. यकृतात त्याचे आणखी जोरकस द्रव्य होते आणि मग अर्धा दिवस माणूस त्यात राहतो. रंगपंचमीच्या गेरीत ठंडाईचा पहिला पेला 'लागला नाही' म्हणून दुसरा घेणारे पाहुणे इंदुरात दरवर्षी दिसतात. शार्ङ्गधराने सांगितलेले त्यांना संध्याकाळी कळते.

वेळ लांबते, भूक लागते, तोंड कोरडे पडते, डोळे लाल होतात, हसू येते किंवा भय वाटते, हे सर्वांना ठाऊक आहे. डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याला हे सारे रुग्णांवर पद्धतशीर तपासले, धनुर्वात व संधिवात यांत अर्क देऊन पाहिला आणि पुढे तो इंग्लंडला नेला. (हेच गृहस्थ नंतर हिंदुस्थानातल्या तारायंत्राचे प्रमुख झाले. एका माणसाने देशाला तारही द्यावी आणि गांज्याचा अर्कही, हा योग विरळा.) पण खरा प्रश्न त्या चार तासांचा नव्हता. माणूस कायमचा वेडा होतो का, हा प्रश्न होता.

तो लंडनमध्ये विचारला गेला. २ मार्च १८९३ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये विल्यम स्प्रोस्टन केन या दारूबंदीवादी सभासदाने बंगालमधल्या गांज्याविषयी प्रश्न टाकला. त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले, आणि त्याची कक्षा बंगालपुरती न ठेवता साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत वाढवण्यात आली. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत पंचमहालचे कलेक्टर ओमानी, मध्य प्रांतातले कमिशनर फ्रेझर, कलकत्त्याचे रसायनाचे प्राध्यापक वॉर्डन आणि तीन हिंदी गृहस्थ : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कंवर हरनामसिंग, मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. ऑगस्ट १८९३मध्ये काम सुरू झाले, वर्षभर गावोगाव फिरून ११९३ साक्षी घेतल्या, आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल निघाला.

त्या खंडांत काय नाही? मुंबईचे जकात व जमीनमहसूल कलेक्टर जेम्स कॅम्बेल, ज्यांनी मुंबई इलाख्याचे गॅझेटियर संपादिले आणि ज्यांच्यावाचून आपल्या स्थानिक इतिहासकारांचे आजही चालत नाही, त्यांनी भांगेच्या धर्मसंबंधावर एक टिपण पाठवले. ते परिशिष्टात आहे. गोसावी, बैरागी, फकीर, डॉक्टर, वकील, तहसीलदार, व्यापारी, सारे बोलतात. संस्थानांचा प्रश्नही येतो, कारण ब्रिटिश हद्दीत कर वाढवला आणि शेजारच्या संस्थानात तो कमी राहिला, की माल सीमा ओलांडणारच. आणि मध्य हिंदुस्थानात तर पाच कोसांवर हद्द बदले.

मी मात्र अडकून पडलो ते वेड्यांच्या इस्पितळांच्या प्रकरणात. नागपूर, जबलपूर, धारवाड अशा ठिकाणी ही इस्पितळे होती आणि प्रत्येकाची नोंदवही होती. नाव, जात, वय, आणि एक रकाना : वेडाचे कारण. वर्षानुवर्षे त्या रकान्यांची बेरीज होऊन तक्ते निघत, आणि तक्त्यांवरून मत बनत असे की गांजा माणसाला वेडा करतो. कमिशनने एक साधी गोष्ट केली, जी आधी कोणाला सुचली नव्हती. १८९२ या एका वर्षाचे रोगी घेतले आणि प्रत्येकाच्या रकान्यातले कारण कोठून आले, हे मागे जाऊन विचारले. त्या वर्षी २२२ रोग्यांपुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण लिहिलेले होते. चौकशीअंती त्यांतले ९८ उरले, आणि त्या ९८तही कित्येकांत दुसरी कारणे मिसळलेली होती.

बाकीच्यांचे काय झाले होते? रस्त्यावर भ्रमिष्ट सापडलेल्या माणसाबरोबर पोलिसाने एक कागद पाठवलेला असे. नातलग हजर नसत, माहिती नसे, पण रकाना रिकामा ठेवणे बरे दिसत नसे. माणूस बैराग्यासारखा दिसला, किंवा कोणी म्हणाले की चिलीम ओढत असे, की 'गांजा' लिहून कागद पुढे जाई. डॉक्टर तो कागद पाहून वहीत उतरवी. वहीवरून तक्ता होई. तक्त्यावरून पुढच्या डॉक्टराची खात्री पटे, आणि पुढच्या रोग्याच्या वेळी तोही तेच लिही. एखाद्याला अपस्मार असे, एखाद्याच्या घरात वेड आधीपासून असे, एखादा दारूने पोखरलेला असे. पण ते शोधायला माणूस आणि वेळ लागतो. 'गांजा' लिहायला एक क्षण पुरे.

कमिशनचा निष्कर्ष असा, की बेताच्या सेवनाने ध्यानात घेण्याजोगी हानी होत नाही, अतिसेवनाने होते. सरसकट बंदी घालू नये, शेती ठरावीक जागी बांधून, परवाने व कर यांनी आवर घालावा. हा अहवाल आज गांज्याची बाजू घेणारे सगळीकडे नाचवतात. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, की सरकारला या पिकातून महसूल मिळत होता, आणि ज्या उपायाने महसूल वाढतो तो उपाय सरकारी कमिशनला शहाणपणाचा वाटला, तर त्यात नवल नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, आपली भिन्न मते जोडली. त्यांना अधिक कडक धोरण हवे होते. साहेब म्हणतात फारसे बिघडत नाही आणि हिंदी सभ्य गृहस्थ म्हणतात बिघडते. हे दोघे गृहस्थ ज्या वर्गातले, त्या वर्गातलेच माझे पणजोबा; आणि आपल्यापैकी पुष्कळांचे असतील. सुशिक्षित घरांना गांजा ओढणारा म्हणजे गोसावी, हमाल, भटका असे दिसत होते, आणि आपला मुलगा त्यांच्यात बसलेला त्यांना पाहवत नव्हता.

भांगेचे तसे नव्हते. ती शंकराला वाहिलेली. उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगार आजही होतो, आणि शिवरात्रीला आमच्याच घरात आजी ठंडाईत चिमूटभर घालू देई. तेच झाड, फक्त पान आणि शेंडा एवढाच फरक. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे. शेंडे म्हणजे गांजा, तो गुन्हा; शेंड्यांवाचून नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेची परवानाधारक दुकाने मध्य प्रदेशात उघड चालतात. त्याआधी १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने औषधाखेरीजचा वापर पंचवीस वर्षांत थांबवायचे ठरले होते. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ साली स्थापलेली सहकारी संस्था आणि तिथली शेतीही बांगलादेश झाल्यावर १९८०च्या दशकात आटोपली. नजर असलेली माणसे संपली, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला कोठल्या कागदात सापडले नाही. साहेबांची सगळी नावे आहेत.

येथे एक सावधगिरी मला बाळगली पाहिजे. कमिशनने २२२चे ९८ केले, म्हणून उरलेल्या ९८ जणांना काही झाले नव्हते, असे नाही. १९८७ साली स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५,००० हून अधिक तरुणांच्या नोंदींचा अभ्यास छापून आला. त्यात फार गांजा ओढणाऱ्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक दिसले. नंतरच्या संशोधनानेही कोवळ्या वयातल्या, रोजच्या आणि कडक मालाच्या सेवनाविषयी इशाराच दिला आहे. आणि आजचा संकरित माल फार कडक असतो. ओढल्याने आजार येतो, की येऊ घातलेल्या आजाराच्या अस्वस्थतेने माणूस ओढू लागतो, यावर वाद चालू आहे. घरातल्या तरुणाला सांगताना मी वादाची वाट पाहणार नाही. पण मेलेल्या माणसाविषयी लिहिताना तो वाद मला विसरता येत नाही.

आता पुन्हा घराकडे. आमची एक आत्या, वयाने नव्वदीच्या पुढची, गेल्या पावसाळ्यापर्यंत शुद्धीवर होती. तिला तिच्या आजीकडून कळलेले असे. ते चुलत आजोबा विशीत असताना एकदा अंगणात पडले, तोंडाला फेस आला, दातखीळ बसली. मग पुन्हा पडले. लग्न ठरले होते, ते मोडले. मग ते ओंकारेश्वराला जाऊन घाटावर बसू लागले, तेथल्या साधूंत. दोन वर्षांनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेले आणि तेथून परत आणले नाही.

"आणि गांजा?" मी विचारले.

"साधूंत बसायचे म्हणजे ओढत असतीलच की रे," आत्या म्हणाली. "फेस येतो म्हणून कोणी सांगायचं? धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं ना."

अपस्मार घरात आहे असे कळले असते, तर त्या बहिणीला स्थळ मिळाले नसते. गांजा हा एका माणसाचा दोष; तो वंशात उतरत नाही. पणजोबांनी रकाना भरला, तो पोलिसाइतका घाईने नव्हे, पुष्कळ विचार करून भरला असावा. त्या बहिणीचे लग्न बडोद्याला झाले. तिची नातवंडे-पतवंडे आहेत, आणि त्यांतली काही कदाचित हे वाचतील.

आमची वंशावळ मोडी कागदांवरून पूर्वी एकदा उतरवली होती. यंदा मी तिची नवी प्रत केली. त्यात इतरांच्या नावांखाली 'वकील', 'होळकर सरकारात कारकून', 'शिक्षक' असे एकेक शब्द आहेत. चुलत आजोबांच्या नावाखाली काय लिहावे, हे मी दोन दिवस ठरवीत होतो. शेवटी लिहिले : 'ओंकारेश्वरी वास्तव्य, दोन वर्षे.'